आधी टॉर्च, मग पंप

गौरी-गणपती किंवा दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसू लागतात. ओट्यावरची भांडी आधीच झाकून ठेवलेली असतात, ट्रॉल्या रिकाम्या केलेल्या असतात. फवारा सिंकखाली जातो, फ्रीजमागे जातो, बाथरूमच्या कोपऱ्यात जातो. मग कागदावर सही होते आणि माणूस वरच्या मजल्यावर निघतो. वीस-पंचवीस मिनिटांत घराचं पेस्ट कंट्रोल उरकलेलं असतं. एवढ्या वेळात एक काम मात्र सहसा होत नाही. घरात नेमकी कोणती कीड आहे, ती कुठून आत आली, कुठे दडते आणि कशावर जगते, हे गुडघे टेकून, टॉर्च मारून कोणी पाहत नाही.

हे पुस्तक त्या पाहण्याबद्दल आहे. औषधांची माहिती पुढच्या प्रकरणांत येईल, पण ती तपासणीनंतर येईल, कारण घरातही कामाचा क्रम तोच असायला हवा. आपल्याकडे तपासणी बहुधा फुकट असते आणि पैसे फवारणीचे लागतात. वरवर ही ग्राहकाची सोय वाटते. पण ज्याची कमाई औषध मारण्यावरच अवलंबून आहे, त्याला ‘इथे काही करायची गरज नाही’ असं सांगणं परवडत नाही. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, तिचा अहवाल लेखी घ्यावा आणि काम द्यायचं की नाही हे तो वाचून ठरवावं, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. अमेरिकेत घर विकत घेताना लाकूड खाणाऱ्या किडींचा स्वतंत्र अहवाल घेण्याची पद्धत रुळलेली आहे आणि त्यासाठी ठरावीक नमुन्याचा फॉर्मही आहे. आपल्याकडे जुना फ्लॅट घेणारा माणूस वकिलाकडून टायटल तपासून घेतो, इंडेक्स टू काढतो, सोसायटीची थकबाकी विचारतो. बेडरूमच्या दाराची चौकट बोटाने ठोकून पाहणारा मात्र क्वचितच भेटतो.

पाहणी आधी आणि औषध नंतर, हा विचार घरात शेतातून आला. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी मांडलं, की कीड दिसली म्हणून लगेच फवारू नये. आधी ती मोजावी, तिचे नैसर्गिक शत्रू किती आहेत ते पाहावं आणि नुकसान खर्चापेक्षा मोठं होणार असेल तेव्हाच औषध वापरावं. एकात्मिक कीड नियंत्रणाचा पाया तिथे घातला गेला. शेतकऱ्याला कृषी विद्यापीठं हे अनेक वर्षं सांगत आहेत. चाळीत, बंगल्यात आणि टॉवरमध्ये राहणाऱ्याला ते कोणी फारसं सांगितलेलं नाही.

तपासणी नीट झाली नाही तर सगळ्यात महाग पडते ती वाळवी, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

वाळवीला मुंगी समजणं चूक आहे. शास्त्रज्ञ आता तिला झुरळाच्या कुळात धरतात. कामकरी वाळवी आंधळी, मऊ अंगाची असते आणि कोरड्या हवेत लवकर वाळून मरते. म्हणूनच ती भिंतीवर मातीची नळी बांधून तिच्यातून ये-जा करते आणि जमिनीतला ओलावा बरोबर घेऊन चढते. पेन्सिलीच्या जाडीची ही मातीची रेघ जोत्यावर, चौकटीमागे, जिन्याखाली किंवा मीटरच्या पेटीत दिसली की बहुतेकजण झाडूने ती झाडून टाकतात आणि भिंत पुसून घेतात. असं केल्याने पुरावा तेवढा जातो. नळीचा दोन बोटं लांबीचा तुकडा मोडून तिथे पेन्सिलीने तारीख लिहावी आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावं. भगदाड बुजवलेलं असेल तर वाळवी आत चालती आहे. ते तसंच राहिलं तर ती वाट जुनी असू शकते. मग बाकीच्या खुणा शोधाव्यात: ठोकल्यावर पोकळ वाजणारं लाकूड, फुगलेला रंग, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत जाणारी चौकट, पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीपाशी पडलेला पंखांचा खच. पंखवाल्या मुंग्याही त्याच दिवसांत उडतात, पण त्यांची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे चारही पंख एकाच मापाचे असतात आणि कंबर अशी दिसतच नाही.

सातव्या मजल्यावर वाळवी येत नाही, हा समज टॉवरमधल्या घरांचं मोठं नुकसान करतो. ती वायरिंगच्या पाइपातून, डक्टमधून, दोन इमारतींमधल्या सांध्यातून वर चढते. कॉप्टोटर्मिस जातीच्या वाळवीला तर गळक्या भिंतीत पुरेसा ओलावा मिळाला की जमिनीशी संबंध न ठेवताही वस्ती करता येते. त्यामुळे बाथरूमची गळती थांबवणं हाही वाळवीवरचाच उपचार आहे. प्लंबर आणि कीड नियंत्रणवाला या दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं जातं आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. त्यांनी एकत्र उभं राहून एकच भिंत पाहायला हवी.

भारतीय मानक ब्युरोने वाळवीसाठी आयएस ६३१३ हे मानक काढलं आहे. घरमालकाने त्यातले तीन-चार आकडे पाठ करून ठेवावेत. बांधकाम सुरू असताना जोत्याच्या आतल्या मातीवर, काँक्रीट पडण्यापूर्वी, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण पडायला हवं. पायाच्या भिंतीलगत जी माती भरतात, तिथे भिंतीच्या उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर. म्हणजे १०० चौरस मीटर जोत्याच्या घराला नुसत्या आडव्या मातीसाठी ५०० लिटर द्रावण लागेल. साइटवर दोन बादल्या आणि एक हातपंप दिसला, तर कागदावरच्या दहा वर्षांच्या हमीचं वजन किती, ते समजून घ्यावं. बांधून झालेल्या घरात भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे ३० सेंटीमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोकं पाडून त्यांतून औषध खालच्या मातीत सोडायचं असतं, एका भोकात जास्तीत जास्त १ लिटर. तीन मीटरच्या एका भिंतीला अशी दहाएक भोकं होतात. ती मोजायला शिक्षण लागत नाही, काम चालू असताना तिथे उभं राहावं लागतं.

आणि ही हमी कशाने मोडते हेही विचारून घ्यावं. मातीतलं औषध हा सलग पट्टा असतो. दोन वर्षांनी कोणी फरशी बदलली, नवीन ड्रेनेज लाइन टाकली, भिंतीला लागून बाग केली की पट्टा तुटतो आणि वाळवीला दार मिळतं. कोकणात आणि गोव्यात तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घराच्या मागच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर असते, जांभ्याची जमीन सच्छिद्र असते आणि जोत्याखाली ओतलेलं औषध तिथपर्यंत झिरपू शकतं. म्हणून विहीर किती अंतरावर आहे, हा प्रश्न कंत्राटदाराने स्वतःहून विचारायला हवा. जो विचारत नाही, त्याला काम देऊ नये.

जुन्या घरांनी यातलं बरंच रचनेतच साधलं होतं. दगडी जोतं लाकडाला मातीपासून उंच ठेवायचं. वाड्यांच्या खांबांना सागाच्या आतल्या गाभ्याचं लाकूड वापरलं जाई. त्यातली नैसर्गिक द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत. मात्र सालीलगतचा फिकट भाग ती खाते आणि आजच्या बाजारातल्या सागात हा भाग भरपूर असतो. किनाऱ्यावर वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडत. चुलीचा धूर रोज आढ्यापर्यंत जाई. यातलं सगळं आज जमणार नाही, पण नव्या फर्निचरच्या प्लायवुडची पाठ रंग-पॉलिश न करता थेट ओल्या भिंतीला टेकवायची नाही, एवढं कोणत्याही सुताराला सांगता येतं.

वाळवीबद्दल लिहिताना तिचा दुसरा चेहराही सांगायला हवा. भारतात तिच्या सुमारे तीनशे जाती आहेत आणि त्यातल्या थोड्याच घराच्या लाकडाला लागतात. बाकीच्या पालापाचोळा कुजवून माती तयार करतात. वारूळ बांधणाऱ्या काही जाती वारुळाच्या आत बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या बाजारात पानात गुंडाळून विकायला येणारी रानातली अळंबी त्याच बुरशीची फळं असतात. कुंपणाबाहेरचं वारूळ दिसलं म्हणून त्यात औषध ओतायला बोलावणं हा पैशांचा आणि जमिनीचा, दोन्हींचा नाश आहे.

झुरळाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची सुरुवात बहुधा आपल्याच भागात झाली. स्वयंपाकघरात ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रीजच्या मोटरजवळ राहणारं लहान तपकिरी झुरळ, ज्याच्या मानेवर दोन काळ्या रेघा असतात, त्याला जगभर ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. लिनियसने १७६७ साली त्याची नोंद केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की हा प्राणी सुमारे २,१०० वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळा झाला, आणि तोही भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, माणसाच्या वस्तीला धरून. युरोपात तो बराच नंतर, व्यापाराबरोबर पोहोचला. माणसाच्या घराशी त्याने इतकं जुळवून घेतलं आहे, की आज तो रानात सापडत नाही.

अशा सोबत्याला फवाऱ्याने हटवणं अवघड जातं. मादी अंड्यांची कुपी पोटाच्या टोकाला धरूनच फिरते, तिच्यात तीस-चाळीस पिल्लं असतात आणि कुपीच्या कवचातून औषध सहसा आत जात नाही. वास येताच बाकीची झुरळं फटीत आणखी खोल सरकतात किंवा शेजारच्या घरात जातात. जेलचं आमिष इथे जास्त उपयोगी पडतं. बिजागरीच्या आत, सिंकच्या कडेखाली काडीच्या गुलाएवढे ठिपके लावतात, झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा व मेलेलं अंग खाणारी दुसरी झुरळंही मरतात. पण जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारला, तर झुरळं आमिषाकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही कामांचे पैसे वाया जातात. हे इतकं साधं असूनही एकाच भेटीत दोन्ही करून देण्याला ‘डबल ट्रीटमेंट’ म्हणून भाव मिळतो. जेलही कायमचा उपाय नाही. गोड आमिषातली ग्लुकोज कडू लागणारी झुरळं अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आढळली होती, आणि ती आमिष चाखून सोडून देत होती. त्यामुळे जेलचा प्रकार मधून मधून बदलावा लागतो.

रात्री बाथरूममध्ये दिसणारं मोठं, लालसर, उडणारं झुरळ हा निराळा पाहुणा आहे. तो ड्रेनेजच्या चेंबरमधून येतो. त्याच्यासाठी स्वयंपाकघर फवारून काही उपयोग नाही. नहाणी ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी हीच त्याच्या वाटेतली अडवणूक असते. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते पाणी आटलं की वाट मोकळी होते. गावाला जाऊन आल्यावर घरात अचानक मोठी झुरळं दिसतात त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. आठवड्याला एक तांब्या पाणी आणि नीट बसणारी जाळी, इतक्यावर अनेक घरांतली तक्रार संपते. तपासणाऱ्याने हे सांगितलं आणि फवारणी केली नाही, तर त्याने त्याची फी पुरेपूर कमावली, असं समजावं.

उंदरांच्या बाबतीत मुंबईने जी किंमत मोजली, ती फार थोड्या शहरांनी मोजली असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. तोवर शहरात घरं धुऊन काढणं, छपरं उघडणं, सामान जाळणं, असं सगळं करून झालं होतं आणि उंदीर भिंतींतून पुढच्या घरात सरकत राहिले होते. मुंबई महापालिकेत रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत. रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य त्यांना दिलेलं असे. ते गल्ल्यांतून फिरतात. घराचं काम घरमालकाने करायचं आहे.

आणि ते काम प्रामुख्याने गवंड्याचं आहे. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक, गॅसच्या नळीची जागा, दाराखालची फट, किचनच्या भिंतीतून बाहेर जाणारा ड्रेनेज पाइप, या सगळ्या जागा सिमेंट आणि लोखंडी जाळीने बंद कराव्या लागतात. नुसता थर्माकोल किंवा फोम भरला तर तो कुरतडला जातो. भिंतीच्या कडेला काळपट तेलकट पट्टा दिसला तर तो रोजचा रस्ता आहे, पिंजरा तिथेच लावावा. बंगल्याच्या आवारात माती उकरून मोठी बिळं पडली असतील तर ती घुशीची आहेत, आणि घूस घराच्या पायाखालची माती पोकळ करते. विषाचा केक वापरायचा तर त्यातलं ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. तो फॉल्स सीलिंगमध्ये मेला तर घरात पंधरा दिवस राहवत नाही. लहान मूल किंवा कुत्रा-मांजर यांनी तो केक खाल्ला तर के-१ जीवनसत्त्व हा उतारा उपलब्ध आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवायला वेष्टन जपून ठेवावं.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना असा कोणताही उतारा नाही. ओलसर हवा लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात पसरतो. धान्याच्या कोठारांसाठी असलेल्या या गोळ्या भारतात कोणी वापराव्यात यावर कायद्याने कडक बंधनं आहेत. तरी त्या किरकोळ दुकानांत मिळतात, ढेकणांसाठी फ्लॅटमध्ये ठेवल्या जातात आणि झोपेत माणसं दगावतात. राहत्या घरात या गोळ्या कोणत्याही कारणासाठी येऊ देऊ नयेत. यात तडजोडीला जागा नाही.

ढेकणांसाठी तर या गोळ्यांची गरजही नसते. गादीच्या शिवणीवरचे काळे ठिपके, खाटेच्या सांध्यातली वाळलेली कात, हेडबोर्डच्या मागचा कोपरा, या जागा टॉर्चने सापडतात. कपडे आणि चादरी खूप गरम पाण्यात धुवाव्यात, सांध्यांना उकळतं पाणी किंवा वाफ द्यावी, आणि औषध मारलंच तर दोन आठवड्यांनी दुसरी भेट ठरवूनच मारावं, कारण पहिल्या फवाऱ्यातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. दुसरी भेट ‘लागली तर बघू’ म्हणणाऱ्याला ढेकणांचं जीवनचक्र माहीत नाही.

कायद्याची थोडी ओळखही घरमालकाला हवी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोन छापलेला असतो: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. एकेकाळी वाळवीसाठी सर्रास वापरलेली ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधं आता बंद आहेत, कारण ती मातीत आणि शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. झुरळ-ढेकणांसाठी घरोघर मारलं जाणारं डायक्लोरव्हॉसही २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झालं. तरीही ‘जुनं स्ट्राँग औषध’ आणून देतो असं सांगणारे भेटतात. व्यवसायाचा परवाना काढणाऱ्याकडे शेतकी पदवी किंवा रसायनशास्त्र घेतलेली विज्ञान पदवी, आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण असावं लागतं. परवान्याची प्रत मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. चांगला व्यावसायिक ती न मागता दाखवतो, डबा सीलबंद आणतो आणि समोर फोडतो.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक किडीच्या खुणा, खोलीनिहाय तपासणीचा नकाशा आणि वर्षभराचं वेळापत्रक दिलं आहे. त्यातला बराच भाग एकट्या फ्लॅटला लागू पडतो. डक्ट, चेंबर, कचऱ्याची खोली आणि गच्चीवरच्या टाक्या यांबद्दलची प्रकरणं मात्र सोसायटीच्या कमिटीने वाचावीत, कारण एका घराने जेल लावलं आणि सामाईक डक्टचं झाकण फुटकंच राहिलं, तर झुरळं महिन्याभरात परत येतात.

एक प्रकरण पंप उचलणाऱ्या कामगारावर आहे, आणि ते मुद्दाम मध्यभागी ठेवलं आहे. परवाना मालकाच्या नावावर असतो. घरी येणारा मुलगा पुष्कळदा उघड्या हातांनी, तोंडाला रुमाल बांधून काम करतो आणि दिवसात सात-आठ घरं करतो. कीटकनाशक नियमांनुसार हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे पुरवणं ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे. ते नसतील तर काम सुरू करू देऊ नये, फोन करून मागवावेत. चहा देण्याआधी त्याला साबण द्यावा आणि हात कोपरापर्यंत धुवायला मोरी मोकळी करून द्यावी. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू देऊ नये. आणि ‘पुढच्या वेळेला लागेल’ म्हणून ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवायला कोणी सांगितलं, तर ती बाटली त्याच्याबरोबरच परत पाठवावी.